हंसविणारांची परीक्षा

वक्तृत्वाच्या चढाओढी आपल्या परिचयाच्या आहेत. गायनाच्या, चित्रकलेच्या, निबंधाच्या, किंबहुना पाककौशल्याच्याहि आहेत. ह्या सर्वांत परीक्षकांच्या हातीं कांहीं तरी मोजमाप असतें. गाणारा बेसूर झाला किंवा निबंधकाराचा मुद्दा सुटला, तर तें बोट ठेवून दाखवितां येतें. परंतु "आम्हांस हंसवून दाखवा," असें म्हणून जी परीक्षा घ्यावयाची, तिचें मोजमाप कोठून आणावयाचें? हंसूं हें आलें तर येतें; न आलें तर युक्तिवादानें आणतां येत नाहीं. असें असूनहि इंग्लंडांत अशा परीक्षा होतात, आणि त्यांस बसणारांची संख्या पाहिली म्हणजे आश्चर्य वाटतें. दूरचित्रवाणीवरील अर्ध्या तासाचें विनोदी नाट्य लिहिण्याच्या ह्या चढाओढी होत. दिवसभर पोटासाठीं दुसराच कांहीं उद्योग करणारीं माणसें रात्रीं जागून हीं नाट्यें लिहितात, आणि त्यांतील बहुतेकांच्या हस्तलिखितांस 'साभार परत' ह्यापलीकडे कांहीं भाग्य लाभत नाहीं. हीं माणसें काय मिळवावयास जातात आणि त्यांना खरोखर मिळतें तें काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रसंग कीं स्वभाव?

ज्या नाट्यप्रकाराची ही चढाओढ, त्यास इंग्रजींत 'सिच्युएशन कॉमेडी' आणि संक्षेपानें 'सिटकॉम' म्हणतात. त्याची मांडणी वरवर पाहतां अगदीं साधी असते. एक घर, एक दुकान, एक कचेरी किंवा एक खाणावळ. तेथें नित्य वावरणारीं चार-सहा माणसें. आणि आठवड्यास एक भाग. ब्रिटिश पद्धतींत सामान्यतः सहा भागांची एक मालिका होते, आणि ती एकटा लेखक किंवा लेखकांची जोडी लिहिते. अमेरिकेंत परंपरेनें एका हंगामास वीस-बावीस भाग लागत आले, म्हणून तेथें लेखकांचा एक ताफाच एका खोलींत बसविण्याची चाल पडली. प्रत्येक भागांत कांहीं तरी घोटाळा उद्भवतो, वाढतो, विकोपास जातो, आणि अर्ध्या तासाच्या अखेरीस सर्व मंडळी जेथें होती तेथेंच परत येऊन बसते. पुढील आठवड्यास पुन्हां तोच खेळ.

विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे जे भेद आपल्या टीकाकारांनीं केले आहेत, ते वाचकांस ठाऊक आहेतच. नांवावरून पाहतां सिटकॉम हा प्रसंगनिष्ठ विनोदाचा प्रकार ठरावा. आणि नवशिका उमेदवार बहुधा ह्या नांवानेंच फसतो. तो एक चमत्कारिक प्रसंग शोधून काढतो, त्यांत कोट्यांची पेरणी करतो, आणि पात्रांना मात्र नांवाखेरीज कांहींच देत नाहीं. असा प्रसंग एकदां हंसवील. पण दुसऱ्या आठवड्यास काय करावयाचें?

ज्या मालिका इंग्रज लोकांच्या स्मरणांत राहिल्या, त्यांचें मूळ स्वभावांत आहे. उदाहरणार्थ, १९६२ सालीं सुरू झालेली 'स्टेप्टो अँड सन' ही मालिका पाहा. लंडनमधील एक म्हातारा भंगारवाला आणि त्याचा प्रौढ वयाचा मुलगा, एवढींच तिच्यांतील मुख्य पात्रें. मुलाला ह्या धंद्यांतून, ह्या घरांतून आणि ह्या बापापासून सुटावयाचें आहे. ग्रंथ, संगीत, उंची राहणी ह्यांची त्याला ओढ आहे. बाप त्याला सुटूं देत नाहीं. आणि बारकाईनें पाहिलें तर त्याचें त्यालाहि सुटवत नाहीं. वस्तुतः ही शोककथाच होय. तरीहि प्रेक्षक तिला पोट धरधरून हंसले, कारण घरोघरच्या माया आणि जाच ह्यांची ती गुंतागुंत त्यांनीं तात्काळ ओळखली. माणूस ज्या पिंजऱ्यांत अडकलेला असतो त्याचे गज बहुधा त्याच्या स्वभावानेंच घडविलेले असतात, हें ज्या लेखकाला दिसलें त्याला प्रसंग शोधीत हिंडावें लागत नाहीं. ते त्याच्याकडे चालत येतात.

आरोग्यधामांतील दोन उमेदवार

ह्या मालिकेच्या लेखकद्वयाची हकीकत चढाओढींत उतरणाऱ्या प्रत्येक उमेदवारानें वाचण्यासारखी आहे. १९४८ सालीं सरे परगण्यांतील मिलफर्ड येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत रे गॉल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन ह्या दोन तरुणांची गांठ पडली. दोघेहि नुकतेच विशीच्या उंबरठ्यावर आलेले, आणि दोघांनाहि त्या काळीं भयंकर समजला जाणारा तो आजार जडलेला. अंथरुणावर पडून राहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. रुग्णांच्या करमणुकीसाठीं तेथें जी अंतर्गत नभोवाणी चाले, तिच्यासाठीं ह्या दोघांनीं लहान लहान विनोदी कार्यक्रम लिहिले. त्यांचे श्रोते म्हणजे शेजारच्या खाटांवरील रोगी. कार्यक्रम रंगला कीं फसला, हें जाणून घेण्यास त्यांना कोणत्याहि परीक्षकाची आवश्यकता भासली नाहीं.

बरे होऊन बाहेर पडल्यावर त्यांनीं फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन ह्या त्या वेळच्या नामांकित विनोदी लेखकांना पत्र लिहून मार्ग विचारला. लिहिलेलें कांहीं बी.बी.सी.कडे पाठवून पाहा, असा त्यांना सल्ला मिळाला. त्यांनीं तो मानला; आणि १९५४ च्या नोव्हेंबरांत नभोवाणीवर त्यांची 'हॅन्कॉक्स हाफ अवर' ही मालिका सुरू झाली. दोन वर्षांनीं ती दूरचित्रवाणीवरहि आली.

१९६१ सालीं हॅन्कॉक ह्या नटाशीं त्यांचा संबंध सुटला, तेव्हां बी.बी.सी.च्या करमणूक विभागाचे प्रमुख टॉम स्लोन ह्यांनीं त्यांच्यापुढें एक विलक्षण योजना मांडली. दहा अर्धे तास तुमचे. त्यांत तुम्हांस वाटेल तें लिहा. ह्या उपक्रमाचें नांव 'कॉमेडी प्लेहाउस'. १९६२ च्या ५ जानेवारीस त्यांत दाखविलेल्या एका नाट्यांत तो भंगारवाला बाप आणि त्याचा मुलगा प्रथम अवतरले.

पुढें हें 'प्लेहाउस' इतर लेखकांसहि खुलें झालें आणि विनोदी मालिकांची ती जणूं रोपवाटिकाच बनली. एक रोप लावून पाहावें. प्रेक्षकांस मानवलें तर त्याची मालिका करावी. न मानवलें तर अर्ध्या तासापलीकडे कोणाचें नुकसान नाहीं. 'टिल डेथ अस डू पार्ट' ही गाजलेली मालिका १९६५ सालीं ह्याच वाटिकेंत रुजली. १९७३ सालीं येथेंच प्रथम दिसलेली 'लास्ट ऑफ द समर वाइन' २०१० पर्यंत चालली आणि तिचे २९५ भाग झाले. आमच्या वाचक भगिनींस विशेष कौतुक वाटेल ती गोष्ट १९६९ सालची. लिव्हरपूल शहरांतील कार्ला लेन आणि मायरा टेलर ह्या दोन गृहिणींची ओळख एका लेखकमंडळांत झाली. एकत्र बिऱ्हाड करून राहणाऱ्या दोन तरुण मुलींवर त्यांनीं 'द लिव्हर बर्ड्स' ही मालिका लिहिली, आणि तीहि ह्याच दारानें आंत आली. पुढें कार्ला लेन ह्यांनीं एकटीनें 'बटरफ्लाइज' लिहिली. स्वयंपाक धड न जमणारी आणि सुखवस्तु संसारांत असूनहि मनांतून अस्वस्थ असलेली गृहिणी तिच्या केंद्रस्थानीं होती. अशी नायिका पुरुष लेखकांना सहसा सुचली नव्हती.

१९७५ सालीं 'कॉमेडी प्लेहाउस' बंद पडलें. २०१४ सालीं त्याचें पुनरुज्जीवन झालें, परंतु पूर्वीचा तो ओघ कांहीं परतला नाहीं. जुनें दार असें मिटल्यावर बाहेर ताटकळणाऱ्या उमेदवारांसाठीं जीं नवीं दारें निघालीं, त्यांपैकींच ह्या चढाओढी होत.

अर्धाच खेळ

ह्या चढाओढींची तऱ्हा दोन प्रकारची आहे. एका प्रकारांत परीक्षा कागदावर होते. बी.बी.सी.नें गेल्या कित्येक वर्षांत नवोदितांकडून अशीं लेखनें मागविलीं, आणि तीं हजारांच्या संख्येनें आलीं. इतकें सर्व अथपासून इतिपर्यंत वाचणें मनुष्यशक्तीबाहेरचें. म्हणून पहिल्या चाळणींत पहिलीं दहा पानेंच वाचावयाचीं असा प्रघात पडला. एका पानास सुमारें एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरिला, तर उमेदवाराच्या पदरीं दहा मिनिटें पडलीं. ज्यानें आपली खरी गंमत बाराव्या पानासाठीं राखून ठेविली, त्याची गंमत कोणी पाहिलीच नाहीं. हें निष्ठुर वाटेल. परंतु घरीं बसलेला प्रेक्षक ह्याहून दयाळू असतो असें थोडेंच आहे? त्याच्या हातीं तर कळ असते, आणि दहा मिनिटेंहि तो थांबत नाहीं.

दुसरा प्रकार अधिक चित्तवेधक आहे. त्यांत परीक्षा रंगमंचावर होते आणि परीक्षक असतात प्रत्यक्ष प्रेक्षक. केव्ह सदरलंड नांवाच्या एका विनोदी चित्रकथाकारानें १९९९ सालीं सुरू केलेल्या 'सिटकॉम ट्रायल्स' ह्या उपक्रमाची रीत अशी: नवीन लेखकांच्या छोट्या सिटकॉमांचा सामना लावावयाचा. प्रत्येक खेळ ऐन पेंचाच्या क्षणीं थांबवावयाचा. मग प्रेक्षकांनीं मत द्यावयाचें, कीं ह्यांपैकीं कोणाचा शेवट आम्हांस पाहावयाचा आहे. ज्याला बहुमत, त्याचाच शेवट रंगमंचावर होतो. जो हरला, त्याचा शेवट त्याच्या वहींतच राहतो. त्यानें तो कितीहि परिश्रमानें रचलेला असो, नटांनीं तो पाठ केलेला असो. तो पाहण्याची इच्छा त्या दालनांत पुरेशा लोकांना झाली नाहीं, एवढें मात्र त्याला समोरासमोर कळून चुकतें.

ह्या रीतींत परीक्षेचें सारें मर्म सांठविलेलें आहे. आपल्याकडे पुराणिकबुवा कथा ऐन रंगांत आणून उद्यांवर टाकतात, आणि श्रोते दुसऱ्या दिवशीं अर्धा तास आधींच येऊन बसतात, तें कशाच्या ओढीनें? बुवांनीं मध्यंतरीं सांगितलेल्या चुटक्यांच्या नव्हे. कथेंतील माणसांचें पुढें काय झालें ह्या काळजीनें. सिटकॉमचेंहि तसेंच आहे. कोटी ऐकून लोक हंसतात. पण तिच्या अखेरीस काय होणार म्हणून कोणी जीव टांगणीला लावीत नाहीं. तेव्हां प्रेक्षकांचें मत हें, कोणी अधिक हंसविलें ह्याबरोबरच कोणाच्या माणसांत आमचा जीव गुंतला, ह्याविषयींचेंहि मत असतें. आणि जीव गुंतावयाचा म्हणजे त्या माणसाला स्वभाव हवा, कांहीं तरी तीव्रतेनें हवेंसें वाटावयास हवें, आणि तें त्याला सहजासहजीं मिळतां कामा नये.

नकाराचा अर्थ

हरलेल्या उमेदवारांच्या समाधानासाठीं एक गोष्ट नेहमीं सांगण्यांत येते, आणि ती खरी आहे. १९७४ सालीं जॉन क्लीज आणि कॉनी बूथ ह्या दांपत्यानें एका चिडखोर खाणावळवाल्यावरील मालिकेचा पहिला भाग बी.बी.सी.कडे दिला, तेव्हां तेथील वाचकानें आपल्या टिपणांत तो टाकाऊ ठरविला. ठरीव पात्रें, ठरीव प्रसंग आणि अपयशाची खात्री, असा त्याच्या अभिप्रायाचा मथितार्थ होता. सुदैवानें वरिष्ठांनीं तो मानला नाहीं. तीच 'फॉल्टी टॉवर्स' होय. १९७५ आणि १९७९ अशा दोन खेपांत मिळून तिचे अवघे १२ भाग झाले. आणि २००० सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें दूरचित्रवाणीवरील शंभर उत्कृष्ट ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली, तेव्हां पहिलें स्थान तिलाच मिळालें.

दुसरें उदाहरण जॉन सलिव्हन ह्यांचें. लंडनच्या कष्टकरी कुटुंबांतील ह्या मुलानें लहान वयांतच शाळा सोडली होती. त्याचें आरंभींचें लेखन बी.बी.सी.नें नाकारलें, तेव्हां दारावरून परत न फिरतां १९७४ सालीं त्यानें त्याच संस्थेंत नेपथ्याचें सामान हलविण्याची नोकरी धरली. सामान उचलतां उचलतां विनोदी नाट्यें कशीं उभीं राहतात तें त्यानें पाहिलें, आणि एके दिवशीं धीर करून डेनिस मेन विल्सन ह्या निर्मात्यास गांठलें. १९७७ सालीं 'सिटिझन स्मिथ' आणि १९८१ सालीं 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ह्या मालिका त्याच्या लेखणींतून उतरल्या. ह्यांपैकीं दुसरीचा २९ डिसेंबर १९९६ रोजीं दाखविलेला भाग २ कोटि ४३ लक्ष प्रेक्षकांनीं पाहिला.

परंतु ह्या कथांवरून एक भलतेंच अनुमान काढण्याचा मोह होतो. थोर कृति नाकारल्या गेल्या म्हणून प्रत्येक नाकारलेली कृति थोर, हा तर्कशास्त्रांतील ढोबळ प्रमाद होय. बहुतेक नकार योग्यच असतात. क्लीज आणि बूथ ह्यांच्यापासून शिकावयाचें तें हें कीं, एकेका भागावर त्यांनीं कित्येक आठवडे खर्च केले आणि मसुद्यामागून मसुदे फाडले. सलिव्हन ह्यांच्यापासून शिकावयाचें तें हें कीं, नकार मिळाल्यावर ते रुसून बसले नाहींत, तर ज्या घरांत ही विद्या नांदत होती त्या घरांत हमालीसहि गेले. नकार हा अपमान नव्हे आणि भूषणहि नव्हे. ती एक बातमी असते, आणि तिचा उपयोग करून घेणें न घेणें ज्याच्या त्याच्या हातीं असतें.

समोर बसलेला माणूस

ह्या साऱ्या इतिहासांत आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. ब्रिटिश सिटकॉमच्या उत्तम लेखकांत जोड्या फार. गॉल्टन आणि सिम्प्सन, क्लीज आणि बूथ, लेन आणि टेलर. 'डॅड्स आर्मी' ही १९६८ ते १९७७ पर्यंत चाललेली मालिका लिहिणारे जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. 'यस मिनिस्टर'चे अँटनी जे आणि जोनाथन लिन. काव्य एकट्यानें होतें, कादंबरी एकट्यानें होते. मग विनोदालाच सोबती कां लागावा?

ह्याचें उत्तर गॉल्टन-सिम्प्सन ह्यांच्या कार्यपद्धतींत सांपडतें. दोघांचें एकमत झाल्यावांचून एकहि वाक्य टाइपरायटरवर उतरावयाचें नाहीं, असा त्यांचा दंडक होता. म्हणजे प्रत्येक ओळीला तिच्या जन्मक्षणींच एक श्रोता लाभे; आणि तो हंसला नाहीं तर ती ओळ कागदापर्यंत पोहोंचतच नसे. विनोदी लेखकाला सर्वांत अधिक गरज असते ती समोर बसून न हंसणाऱ्या माणसाची.

एकट्या उमेदवारापाशीं हा माणूस नसतो. त्याच्यापाशीं असतात घरचीं माणसें. आई कौतुकानें हंसते, पत्नी मन राखण्यासाठीं हंसते, मित्र चहाच्या उपकारास्तव हंसतात. घरचें हंसूं हें प्रेमाचें हंसूं. तें फार गोड असतें, आणि लेखकाला उभें राहण्याचें बळहि तेंच देतें. परंतु त्यावर विसंबून जो राहिला त्याची वाढ खुंटली. ज्याचें आपल्याशीं कांहीं देणें लागत नाहीं अशा परक्या माणसाला हंसूं येतें कीं नाहीं, हें केव्हां तरी पाहावेंच लागतें. चढाओढींतून मिळतो तो हा परका माणूस. पारितोषिक एकाला मिळतें. त्या पारितोषिकाची मालिका होईलच असेंहि नाहीं, आणि बहुधा होत नाहीं. पण आपण ज्या वाक्यावर सर्वांत अधिक खूष होतों त्या वाक्याला दालनांत शांतता पसरली, आणि ज्याची आपण दखलहि घेतली नव्हती त्या साध्या वाक्याला हंशा उसळला, हा अनुभव मात्र प्रत्येक स्पर्धकास फुकट मिळतो. वर्षभर ग्रंथ वाचूनहि जी समज येत नाहीं ती त्या दोन क्षणांत येते. ही शांतता ज्याला सोसली आणि जो घरीं येऊन तें वाक्य खोडूं शकला, तो लेखक झाला. मग निकाल कांहींहि लागो.

आपल्या घरचा वारसा

ह्या नाट्यप्रकाराचें नांव परकी असलें तरी त्याचें बीज आपणांस परकें नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांच्या सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्या त्रयीनें तींच तीं माणसें आणि नवे नवे प्रसंग हा सांचा मराठींत केव्हांच रूढ केला होता. चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्यांना तर मध्यमवर्गीय घराच्या चार भिंती पुरेशा झाल्या. चिमणरावांना प्रतिष्ठेची हौस आणि धैर्याची वाण. ह्या एका विसंगतीवर जोशांनीं कथांमागून कथा उभ्या केल्या. म्हणूनच १९४० सालच्या 'लग्न पहावें करून' ह्या चित्रपटांत ते सहज शोभले. आणि मुंबई दूरदर्शननें सत्तरीच्या दशकांत त्यांची मालिका केली, तेव्हां दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांच्या रूपानें ते पुन्हां घरोघरीं वावरूं लागले. उलट दिशेनें, 'यस मिनिस्टर' ही मालिका २००१ सालीं 'जी मंत्रीजी' ह्या नांवानें हिंदींत उतरली, आणि फारुख शेख ह्यांनीं रंगविलेला मंत्री आपल्याच राजधानींतला वाटला. स्वभावावर उभारलेला विनोद भाषेची सीमा ओलांडतो, ह्याला अधिक पुरावा नको.

चढाओढीची परंपराहि आपल्याकडे आहे. पुण्यांत १९६३ सालीं सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका-स्पर्धेनें महाविद्यालयीन तरुणांना परक्या प्रेक्षकांसमोर उभें राहण्याची संवय लाविली, आणि कित्येक नट व नाटककार त्यांतून पुढें आले. ज्यांच्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी वहींत कांहीं विनोदी खरडीत असेल, त्या वडीलधाऱ्या मंडळींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: त्यांच्या लेखनाला मनमोकळें हंसा, पण तेवढ्यावर थांबूं नका. त्यांना एखाद्या चढाओढींत उतरूं द्या. तीं हरून आलीं तर परीक्षकांना नांवें ठेवूं नका. रात्रीचें जेवण झाल्यावर जवळ बसवून विचारा, लोक कोठें हंसले आणि कोठें गप्प राहिले. ह्या प्रश्नाचें उत्तर जें मूल प्रामाणिकपणें देईल, त्याच्या वहीचीं पुढचीं पानें कोरीं राहावयाचीं नाहींत.